पेट्या आणाल, पण माश्या खातील काय?

प्रश्न संगमनेर तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचा आहे. दोन एकर डाळिंब आणि एक एकर कांदा बियाण्याचे डेंगळे, म्हणजे बियासाठी वाढवलेले कांद्याचे फुलदांडे; त्यांच्या टोकाला फुलांचे गोंडे येतात. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: "दहा-बारा वर्षांपूर्वी गोंडे फुलले की प्लॉट नुसता घोंघावायचा. आता सकाळी फिरलं तर चिडीचूप. डाळिंबालाही कळी लागते आणि गळते. मधमाश्या खरंच संपत चालल्यात का? त्या संपल्या तर चार वर्षांत माणूस संपेल म्हणतात, ते खरं का? आणि पेट्या भाड्यानं आणल्या तर भागेल का?"

दादा, मी सव्वीस वर्षं पेट्या सांभाळतोय. सुरुवात महाबळेश्वरच्या बाजूला सातेरीच्या, म्हणजे आपल्या देशी मधमाशीच्या, चार पेट्यांवर केली. आता मेलीफेराच्या, म्हणजे बाहेरून आणलेल्या युरोपीय माशीच्या, दीडशेच्या आसपास आहेत आणि वर्षातले सात-आठ महिने त्यांच्यामागे गावोगाव हिंडण्यात जातात. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. पेट्यांनी यंदाचं भागेल. दरवर्षी भागेलच, असं मात्र माझा धंदा असूनही मी म्हणणार नाही.

आता ते चार वर्षांचं. हे वाक्य आईन्स्टाईनच्या नावावर फिरतं, पण त्यानं असं म्हटल्याचा कुठेच पुरावा नाही. 1994 साली ब्रुसेल्सला मधपाळांचं आंदोलन झालं, त्या सुमाराच्या पत्रकांतून ते जास्त पसरलं. तेव्हा आईन्स्टाईनला जाऊन चाळीस वर्षं होत आली होती. माणूस उपाशी मरणार नाही, कारण आपली ज्वारी, बाजरी, गहू, तांदूळ यांचं काम वारा करतो किंवा फूल स्वतःच करतं. हरभरा आणि सोयाबीनही बरंचसं आपलं आपण निभावतात. पण जगातल्या 115 मुख्य पिकांपैकी 87 पिकांना कमी-अधिक प्रमाणात कीटक-पाखरांची मदत लागते. म्हणजे भाकरी राहील, भाकरीबरोबरचं बरंच काही जाईल किंवा महाग होईल. फळं, वेलभाज्या, तेलबिया आणि तुमचं कांद्याचं बी.

यातही प्रत्येक पिकाची तऱ्हा वेगळी. कलिंगड, काकडी, दोडका, भोपळा यांची नर आणि मादी फुलं वेगळी, त्यामुळे कुणीतरी परागाची ने-आण करावीच लागते. कलिंगडाचं मादी फूल सकाळी उघडतं आणि त्याच दिवशी मिटतं. तेवढ्या वेळात माश्या पुरेशा वेळा बसल्या नाहीत तर फळ एका बाजूनं फुगतं, दुसऱ्या बाजूनं खपाटीला जातं. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीत तर हे उघड्या डोळ्यांनी दिसतं. फळावर जे बारीक दाणे असतात, त्यांतला ज्या दाण्याला पराग मिळाला नाही त्याच्याभोवतीचा गर भरत नाही, आणि फळ वाकडं होतं. वांगी-टोमॅटोला मात्र मधमाशीचा जवळजवळ उपयोग नाही. त्यांच्या फुलातला पराग हलवून पाडावा लागतो आणि ते काम अंग थरथरवून भुंगे करतात. आंब्यावर जास्त काम साध्या माश्या करतात. हे एवढ्यासाठी सांगतो की कुणी "कुठल्याही पिकात पेटी ठेवा, उत्पन्न दुप्पट" असं म्हणत आला तर त्याला आधी पीक कोणतं ते विचारा.

तुमच्या डाळिंबाचंही तसंच. गळलेली कळी उचलून बघा. बुडाशी निमुळती, घंटेसारखी असेल तर ती नर कळी. ती गळायचीच, झाडावर अशा कळ्या निम्म्याहून जास्तही असू शकतात. बुडाशी फुगीर, सुरईसारखी असेल ती मादी कळी, म्हणजे फळ धरू शकणारी. नर कळ्या गळत असतील तर माशीला दोष देऊ नका. फुगीर कळ्या उमलून, दोन-चार दिवस राहून गळत असतील तर मग परागीभवन, पाणी, अन्नद्रव्यं, फुलकिडे, सगळंच तपासावं लागेल. डाळिंबाचं फूल स्वतःच्या परागावरही काही प्रमाणात फळ धरतं, माशी आली की सेटिंग सुधारतं आणि फळाला वजन येतं. माझा अनुभव असा की डाळिंबवाल्यांच्या तक्रारीत माशीचा वाटा असतो, पण बहुतेक वेळा ते समजतात त्याहून कमी. आणि जो असतो, तो बऱ्याचदा बहारात फुलकिड्यांसाठी मारलेल्या फवाऱ्यामुळे असतो.

कांद्याचं तसं नाही. तिथे माशी नसेल तर बी नाही, इतका सरळ हिशेब आहे. गोंड्यातल्या प्रत्येक फुलाचे पुंकेसर आधी पिकतात आणि पराग सांडून मोकळे होतात. त्याच फुलाचं स्त्रीकेसर तयार होतं ते दोन-तीन दिवसांनी. म्हणजे फुलाच्या घरात नवरा आहे, बायको आहे, पण दोघांची भेट होत नाही. पराग दुसऱ्या फुलावरूनच यायला हवा. एका गोंड्यात शेकड्यांनी फुलं असतात आणि ती दोन-तीन आठवडे टप्प्याटप्प्यानं उमलतात, त्यामुळे एक-दोन दिवस माश्या येऊन गेल्या तर उपयोग नाही. गोंडा चोळून बघा. भरलेलं बी काळं, टपोरं निघतं. नाहीतर हातात नुसतं भुसकट येतं.

त्यात कांद्याचं फूल माशीला फारसं आवडत नाही. त्याच्या मकरंदात पोटॅशियम जास्त असतं. शेजारी कोथिंबीर किंवा मोहरी फुलली असेल तर माझ्या पेटीतली माशी तुमच्या प्लॉटवरून उडून तिकडे जाते. एकदा देऊळगाव राजाकडे मी वीस पेट्या कांद्यात लावल्या. चौथ्या दिवशी पेटी उघडली, तर मधाला धण्याचा वास. मालक म्हणाला, "भाऊ, भाडं मी देतोय आणि मजा शेजाऱ्याची." खोटं नव्हतं ते.

असल्या नावडत्या फुलावर पूर्वी गर्दी व्हायची, कारण पोट भरायला फुलं शोधणाऱ्या माश्याच भरपूर होत्या. नुसत्या पेटीतल्या नाही, रानातल्या. बांधावरच्या बाभळीत फुलोरी, विहिरीच्या कडेला किंवा जुन्या झाडाच्या ढोलीत सातेरी, वडा-पिंपळावर, डोंगरकड्यावर आग्या. आग्या तर चांदण्या रात्रीही फुलांवर जाते. हे सगळं तुम्हाला फुकट मिळत होतं, म्हणून कुणी मोजलं नाही. आजही कुणी मोजत नाही. म्हणून "मधमाश्या घटल्या की वाढल्या" या वादात दोन्ही बाजू खऱ्या ठरतात. पाळीव पेट्यांची संख्या जगभर मिळून गेल्या साठ वर्षांत वाढलीच आहे. रानातल्या मोहोळांचा आकडा कुठल्याच खातेवहीत नाही. तुमच्या प्लॉटमध्ये जी शांतता आहे ती या न मोजलेल्या माश्यांची आहे.

त्या का गेल्या, असं विचारलं की लोक लगेच औषधावर बोट ठेवतात. औषधाकडे येतोच. पण माझ्या मते पहिलं कारण भूक आहे.

मी काम सुरू केलं तेव्हा लातूर-सोलापूरकडे सूर्यफूल होतं. करडई होती, जवस होता, घाटाकडे उताराच्या जमिनीत कारळे असायचे, तिळाच्या ओळी असायच्या. आता सोयाबीन आणि ऊस. उसाचा तुरा माशीच्या कामाचा नाही, आणि सोयाबीनवर माझ्या पेटीनं वजन धरलेलं मी कधी पाहिलं नाही. रब्बी ज्वारीही कमी झाली. ज्वारीला माशी नको, पण माशीला ज्वारी हवी. डिसेंबर-जानेवारीत कणसं पराग सोडायची तेव्हा सकाळी माश्या पायाला पिवळ्या गोळ्या लावून रांगेनं परतायच्या. मध हे माशीचं इंधन, पराग म्हणजे तिच्या पिल्लांची डाळ-भाकरी. पराग नसेल तर राणी अंडी घालणं कमी करते आणि नंतर थांबवते.

बांधाचंही तेच. पूर्वी बांधावर बोर, बाभूळ, करंज, चिंच असायचं आणि खाली दहा प्रकारचं तण फुलायचं. ट्रॅक्टर वळवायला बांध कोरले, उरलं त्यावर तणनाशक मारलं. माशीला एका पिकाची पंगत चालत नाही, तिला बारा महिने थोडं थोडं लागतं. कामकरी माशी हंगामात जेमतेम सहा आठवडे जगते. त्यातले पहिले तीन आठवडे घरात, पुढचे तीन बाहेर. मधे महिनाभर फुलं नसली तर एक अख्खी पिढी उभीच राहत नाही. तुमच्या कांद्याच्या फेब्रुवारी-मार्चमधल्या फुलोऱ्याला जी माशी लागते, तिला डिसेंबर-जानेवारीत कुणीतरी जेवू घातलेलं असावं लागतं.

एकदा मे महिन्यात उसाच्या पट्ट्यात माझ्या पेट्या अडकल्या. गाडी वेळेवर मिळाली नाही. पाक घालत होतो, त्यामुळे उपाशी नव्हत्या, पण परागाचा कण नव्हता. सकाळी पेटीच्या दाराशी बसलो होतो. माश्या पोळ्यातल्या पांढऱ्या अळ्या ओढून बाहेर टाकत होत्या. रोगट नव्हत्या, चांगल्या धडधाकट अळ्या. पोसता येत नाही म्हणून माश्या आपली पिल्लं कमी करतात, काही तर खातातही. उरलेल्या माश्या पलीकडच्या रसवंतीवर जात होत्या आणि तिथल्या चिपाडात, उष्ट्या ग्लासांत बुडून मरत होत्या. संध्याकाळी रसवंतीवाल्यानं झाडून काढलेल्या ढिगात माझ्याच माश्या होत्या.

आता औषध. विषबाधा ओळखायला शिका. पेटीसमोर मेलेल्या माश्यांचा सडा असतो, बऱ्याच जणींची जीभ बाहेर आलेली असते, आणि ज्या जिवंत असतात त्या उलट्या पडून गिरक्या घेतात. मी हे तीनदा पाहिलंय. तिसऱ्या वेळी ज्याच्यासाठी पेट्या आणल्या होत्या त्या मालकानं बिचाऱ्यानं काहीच मारलं नव्हतं. दोन प्लॉट सोडून एकानं सकाळी नऊ वाजता, ऐन माशीच्या वेळी, तीन औषधं आणि टॉनिक एका पंपात घालून मारलं. अकरा पेट्या गेल्या. त्याचा हेतू वाईट नव्हता. दुकानदारानं सांगितलं ते त्यानं केलं. मेलीफेरा तीन किलोमीटर सहज जाते, तुमचा सात-बारा तिला वाचता येत नाही.

हे झालं दिसणारं मरण. न दिसणारं वेगळं. इमिडाक्लोप्रिड, थायमेथोक्झामसारखी औषधं झाडाच्या अंगात भिनतात आणि थोडी पराग-मकरंदातही उतरतात. त्या मात्रेनं माशी लगेच मरत नाही, घरचा रस्ता चुकते. दाराशी सडा पडत नाही, पेटी नुसती रोज थोडी हलकी होत जाते. युरोपीय संघानं 2018 साली या गटातल्या तीन औषधांचा उघड्या शेतातला वापर बंद केला. आपल्याकडे त्याशिवाय काही पिकं निघणं आज अवघड आहे हे मला कळतं, मीही शेतकऱ्याच्याच घरचा आहे. म्हणून "फवारू नका" असं मी सांगत नाही. कधी फवारायचं ते सांगतो, पुढे येईल.

रोगाचं थोडक्यात. सातेरीला 'थाई सॅकब्रूड' नावाचा विषाणू लागतो. 1991-92 च्या सुमारास दक्षिण भारतात त्यानं सातेरीच्या वसाहती इतक्या मारल्या की केरळ-कर्नाटकातले कितीतरी मधपाळ धंदाच सोडून बसले. अळी कोष करायच्या वेळी मरते, डोकं वर वळलेलं, आत पाणी भरलेली पिशवी. चिमट्यानं धरलं तर पिशवीसारखी अख्खी उचलून येते. मेलीफेराला वरोआ कोळी, म्हणजे अंगाला चिकटणारा बारीक कोळी-कीटक, त्रास देतो. त्यावर उपाय आहेत, ते मधपाळाचं काम, तुम्ही त्यात पडू नका. पण उपाशी वसाहतीला रोग लवकर धरतो आणि विषही लवकर बाधतं, म्हणून मी पुन्हा पुन्हा भुकेवर येतो.

आग्यावर मात्र माणसानंच हात उगारलाय. मधासाठी रात्री टेंभे लावून मोहोळ जाळायचं, पिल्लांसकट पिळायचं. शहरात इमारतीच्या छज्जाला मोहोळ दिसलं की फवारणीवाल्याला फोन. खरं तर मोहोळातला मधाचा भाग तेवढा कापून पिल्लांचा भाग तसाच ठेवता येतो, ते शिकवणारे लोक आहेत. पुण्याला 1962 पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, महाबळेश्वरला मध संचालनालय आहे. महाबळेश्वरजवळचं मांघर 2022 मध्ये 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालं, तिथे जाऊन बघा. पेट्या बघायला नको, पेट्या कुठेही दिसतात. आजूबाजूचं जंगल बघा. जांभूळ, गेळा, हिरडा, आणि सात-आठ वर्षांनी फुलणारी कारवी. पेटी चालते ती त्या जंगलावर.

नाहीतर होतं काय की अनुदानात पेट्या वाटल्या जातात आणि दोन वर्षांनी त्याच पेट्यांत कोंबड्या अंडी घालतात. मी पाहिल्यात, म्हणून सांगतो.

नुसत्या पेट्यांवर शेती टेकवली की काय होतं ते अमेरिकेनं करून दाखवलंय. कॅलिफोर्नियात बदामाची सलग लाखो एकरांची बाग. फेब्रुवारीत ती फुलते तेव्हा देशभरातून ट्रकनं वीस लाखांहून जास्त पेट्या तिथे आणतात, कारण त्या बागेत वर्षभर जगू शकेल अशी माशीच उरलेली नाही. 1947 साली त्या देशात 59 लाख पेट्या होत्या, पुढे त्या निम्म्याहून कमी झाल्या. 2006 च्या हिवाळ्यात तर पेट्याच्या पेट्या रिकाम्या व्हायला लागल्या. राणी आत, पिल्लं आत, मध आत, आणि कामकरी माश्या गायब. एकच गुन्हेगार सापडला नाही. कोळी, विषाणू, औषधं, निकृष्ट आहार, प्रवासाचा ताण, सगळ्यांची नावं आली. आपल्याकडे माझ्या पाहण्यात तसला प्रकार आलेला नाही. आपल्याकडची घट हळू आहे, बांधाबांधानं झालेली.

आता तुमचं यंदाचं काम.

कांद्यासाठी पेट्या आणाच. फुलोरा सुरू व्हायच्या आधी आणू नका, नाहीतर माश्या दुसरीकडचा रस्ता धरतात आणि मग तोच धरून ठेवतात. शंभरातले दहाएक गोंडे उमलायला लागले की बोलवा. बाकी पिकांना एकरी दोन-तीन पेट्या धरतो, कांद्याला मी त्याहून जास्त लावतो, कारण मघाशी सांगितलं तसं अर्ध्या माश्या शेजारी जाणारच. पेटी घेताना नुसती संख्या मोजू नका. मधपाळाला एक पेटी उघडून दाखवायला सांगा. आत पोळ्याच्या निदान सात-आठ चौकटी माश्यांनी झाकलेल्या हव्यात आणि पोळ्यात उघडी पिल्लं हवीत. पिल्लं असतील तरच माश्या पराग आणायला धावतात. चार चौकटींची मरतुकडी पेटी आणि भरलेली पेटी यांचं भाडं एकच असतं, काम एक नसतं.

पेट्या पूर्वेकडे तोंड करून, दुपारी सावली येईल अशा ठेवा. जवळ पसरट भांड्यात खडे घालून पाणी ठेवा, नाहीतर त्या ठिबकच्या गळतीवर आणि औषधाच्या टाकीवर जातील. मुंग्यांसाठी स्टँडच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या. वेडा राघू येऊन तारेवर बसला तर घाबरू नका, तो खाऊन किती खाणार.

फवारणी करायचीच असेल तर सूर्य मावळल्यावर, माश्या घरी गेल्यावर. एका वेळी एकच औषध, फुलोऱ्यात शक्यतो टाळून. आदल्या दिवशी मधपाळाला फोन. आणि महत्त्वाचं म्हणजे चारही बाजूंच्या शेजाऱ्यांशी पेट्या यायच्या आधी बोला. चहा पाजा, गळ घाला, काहीही करा. मी आता शेजाऱ्यांशी बोलणं झाल्याशिवाय गाडीच भरत नाही. डाळिंबातही हाच नियम. बहारात फुलकिड्यांचं औषध सकाळी मारायची सवय मोडलीत तर त्या दोन एकरांत कदाचित पेट्यांची गरजही लागणार नाही, रानातली माशी पुरेल.

हे यंदाचं. पुढच्यासाठी या पावसाळ्यात बांधावर शेवगा लावा, तो लवकर फुलतो आणि शेंगेचे पैसेही देतो. त्याच्यासोबत करंज, बोर, जांभूळ, एखादी चिंच. यांचे फुलोरे वेगवेगळ्या महिन्यांत येतात. खरिपात कडेला दोन ओळी तीळ किंवा कारळे, रब्बीत थोडी ज्वारी, कढीपत्त्याचं एखादं झाड फुलू द्या. एक गोष्ट मात्र करू नका: कांद्याच्या फुलोऱ्यात फुलेल अशी कोथिंबीर किंवा मोहरी जवळ लावू नका. आणि कुठे बाभळीत फुलोरीचं हातभर पोळं दिसलं तर पोरांना दगड मारू देऊ नका.

पेट्या किती लागतील ते मी इथे बसून सांगणार नाही. दहा टक्के गोंडे उमलले की तीन दिवस ओळीनं, सकाळी दहा ते अकराच्या मधे, प्लॉटच्या मध्यभागी जा. दहा गोंडे निवडा, प्रत्येकासमोर एक मिनिट उभे राहा, किती माश्या बसल्या ते लिहा. मधमाशी वेगळी, इतर माश्या वेगळ्या. आग्या दिसली तर तिची खूण वेगळी करा. मग ते तिन्ही दिवसांचे आकडे मला कळवा.